आयकार्डावर ‘तो / ती’ छापायची सक्ती असावी का?

शिरोली_नाका (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. मी कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका कंपनीत एचआरचं काम बघतो. खाली फौंड्री आणि मशीनशॉप, वर ऑफिस, मिळून सव्वातीनशे माणसं. माल बाहेरच्या देशात जातो.

गेल्या महिन्यात एका परदेशी गिऱ्हाईकाकडून लांबलचक प्रश्नावली आली. बालकामगार, आगीची व्यवस्था, सांडपाणी हे दरवर्षीचंच. यंदा एक प्रश्न नवा होता: तुमचे कर्मचारी आपली सर्वनामं सांगतात का? म्हणजे ईमेलच्या सहीखाली किंवा आयकार्डावर नावाशेजारी इंग्रजीतलं ‘ही/हिम’ (तो), ‘शी/हर’ (ती), ‘दे/देम’ (ज्यांना तोही नको, तीही नको) असं लिहितात का. प्रश्न फक्त विचारलेला होता, अट नव्हती. पण आमच्या वरिष्ठांनी लगेच ठरवलं की सगळ्यांनाच लिहायला लावू, आयकार्डं नवी छापू आणि दहा दिवसांत ‘हो’ म्हणून उत्तर पाठवू. फॉर्म बनवायचं काम माझ्याकडं आलं.

फॉर्म करायला बसलो आणि पहिल्याच ओळीला अडलो. मराठीत रकाना काय ठेवायचा? ‘तो/त्याला’? फेटलिंगमध्ये, म्हणजे ओतीव माल घासून साफ करायच्या खात्यात, वीस वर्षं ग्राइंडर चालवणाऱ्या माणसाला हे काय म्हणून समजावायचं?

दुसरं एक मनातून जात नाही. दोन वर्षांपूर्वी आमच्याकडं मुलाखतीला एक उमेदवार आला होता. दाखल्यांवर नाव मुलीचं, समोर बसलेला मुलगा. मुलाखत घेणारे तिघं. प्रत्येक जण ‘तू शिकलीस’, ‘तू केलंस’, ‘शिकलास’ असं चाचपडत होता. शेवटी तोच हळू आवाजात म्हणाला, “सर, तुम्हाला जे सोपं पडेल ते म्हणा.” काम त्याला चांगलं येत होतं. आम्ही ऑफर दिली, तो आला नाही. त्या खोलीत मीही होतो आणि मीही काही बोललो नाही.

म्हणून विचारतो. सक्ती असावी का? असली तर त्या मुलाला सोपं गेलं असतं, की उलट?

---

मोल्डिंगवाला

दादा, राग मानू नका. मी उद्यमनगरात सुरुवात केली, आता गोकुळ शिरगावला सुपरवायझर हाय. आमच्या कोर शॉपला नऊ बायका हायत. त्यास्नी बाथरूमला पार गेटजवळच्या ऑफिसमागं जावं लागतंय. भट्टी लागली की मधनं जायला वाट न्हाई, मग बायका सकाळपास्नं पाणीच पीत न्हाईत. उन्हाळ्यात दोघी चक्कर येऊन पडल्या. तवा कुठल्या गिऱ्हाईकानं प्रश्नावली पाठवली न्हाई.

कार्डावर काय छापायचं ते छापा. पण कार्ड छापायचा खर्च आन् बाथरूमचा खर्च ह्यात आदी कुठला, ते विचारा वरच्या सायबास्नी.

---

खरी_कॉर्नर

मोल्डिंगवाला यांचं म्हणणं शंभर टक्के मान्य, पण दोन्ही गोष्टी एकदम होऊ शकतात.

मी पुण्यात आयटीत आहे, घर कोल्हापूरला. माझं मत सक्तीच्या बाजूनं आहे आणि त्याचं कारण सांगते. ऐच्छिक ठेवलं की लिहितं कोण? ज्याला गरज आहे तोच. तीनशे पंचवीस कार्डांत एकाच कार्डावर ती ओळ असेल तर ती ओळ म्हणजे त्या माणसाच्या पाठीवर चिकटवलेली चिठ्ठी. सगळ्यांच्या कार्डावर असेल तर कुणीच वेगळं दिसत नाही. शाळेत गणवेश सक्तीचा असतो तो याचसाठी ना? ज्याचे कपडे फाटके आहेत तो उठून दिसू नये म्हणून.

बहुसंख्य लोकांना ती ओळ लिहायला काहीच पडत नाही. मग थोडा भार आपण का उचलू नये?

---

सरळ_वाट

मी विरोधात आहे, आणि मनापासून सांगतो. मी पुरुष आहे, हे मला कुणाला लिहून द्यावं असं वाटत नाही. ती माझ्या श्रद्धेची गोष्ट आहे, देवानं दिलेलं शरीर हीच माझी ओळख आहे. दुसऱ्यानं स्वतःला काय म्हणवून घ्यावं हा त्याचा प्रश्न, मी त्याला तोंडावर दुखावणार नाही. पण माझ्याकडून सही घेतली तर मी ज्या विचाराशी सहमत नाही तो मान्य केल्यासारखं होतं. पगार कामाचा मिळतो, विचारांचा नाही.

आणखी एक. पंचवीस वर्षं एका पद्धतीनं बोलणाऱ्या माणसाच्या तोंडून जुनं निघून गेलं तर त्याच्यावर तक्रार होणार का? ही भीती खरी आहे, ती हसण्यावारी नेऊ नका.

---

जुना_फळा

मी मराठी शिकवून निवृत्त झालो. सक्ती हवी की नको हे नंतर बघू. आधी हा प्रश्न आपल्या भाषेत नेमका कुठं बसतो ते पाहिलं पाहिजे, कारण इंग्रजीचा फॉर्म मराठीत उतरवला की तो मोडतो.

इंग्रजीत क्रियापदाला लिंग नाही. माणसाचं लिंग दिसतं ते ‘ही’ आणि ‘शी’ या शब्दांतच. म्हणून तिथं एका शब्दाची चिठ्ठी पुरते. मराठीत मी, तू, आम्ही, तुम्ही, आपण या सर्वनामांना लिंगच नाही. लिंग बसलंय क्रियापदाच्या शेपटीत. ‘मी आलो, मी आले.’ ‘तू करतोस, तू करतेस.’ इंग्रजी माणूस स्वतःबद्दल दिवसभर बोलला तरी लिंग उघड होत नाही. मराठी माणूस “मी जेवायला चाललो” म्हणाला की झालं. म्हणजे सर्वनाम विचारून आपण चुकीच्याच दाराची कडी वाजवतोय. आपल्याकडं प्रश्न ‘आलो की आले’ असा आहे.

‘दे’ या शब्दाला मराठी प्रतिशब्द म्हणून काही जण ‘ते’ लिहितात. त्यानं घोटाळा वाढतो. अनेकवचनी ‘ते’ म्हणजे आदरार्थी पुरुष, ‘ते सर आले’. एकवचनी ‘ते’ म्हणजे नपुंसकलिंग, ‘ते पोरगं’, ‘ते मांजर’. आणि व्याकरणातला ‘नपुंसक’ हा शब्द आपल्या समाजात शिवीसारखा वापरला जातो. कुणाच्या छातीवर तो लटकवण्याआधी दहादा विचार करावा.

पण भाषेनं वाटाही ठेवल्या आहेत. ‘तुम्ही आलात’ याला लिंग नाही. ‘त्याने’ आणि ‘तिने’ वेगळे, पण आदरार्थी ‘त्यांनी’ दोघांना एकच: “त्यांनी ड्रॉइंग तपासलं”, “त्यांना विचारा”, “त्यांचं मत घ्या”. ‘येतात’, ‘येतील’ सुद्धा दोघांना सारखं. भेद दिसतो तो ‘ते / त्या’ मध्ये आणि ‘आले / आल्या’, ‘होते / होत्या’ अशा भूतकाळी रूपांत. म्हणजे ऑफिसात एकमेकांना अहोजाहो केलं आणि मजकूर थोडा जपून लिहिला तर कुणाला काहीही न विचारता बरंच काम भागतं.

---

निपाणी_रोड

सर, यात भर घालते. आमच्या घरी कन्नड आणि मराठी दोन्ही. कन्नडमध्ये ‘अवनु’ म्हणजे तो, ‘अवळु’ म्हणजे ती, पण मान द्यायचा झाला की दोघांनाही ‘अवरु’, आणि क्रियापदही एकच, ‘अवरु बंदरु’. बाई असो, बाप्या असो. आमच्या आजीच्या तोंडी गल्लीतल्या जोगत्यासाठी, म्हणजे यल्लमाला वाहिलेल्या, साडी नेसणाऱ्या भक्तासाठी, कायम ‘अवरु’ असायचं. लहानपणी मला कधी प्रश्नच पडला नाही की ते बाप्ये की बाई.

---

मोल्डिंगवाला

जोगत्याचं निघालं म्हणून सांगतो. आमच्या आळीत एक जोगते हुते. साडी, कपाळभर भंडारा, डोक्यावर देवीचा जग. मार्गशीर्षात सौंदत्तीला जाऊन यायचे, मग ओढ्यावरच्या यल्लमाच्या आंबील यात्रेला आख्खी आळी त्यांच्या मागं. सगळी त्यास्नी ‘अक्का’ म्हणायची, माझा बा सुदीक. कुणी शिकवलं न्हवतं.

---

खरी_कॉर्नर

आणि त्या अक्कांना तुमच्या फौंड्रीत काम मिळालं असतं का हो दादा?

---

मोल्डिंगवाला

न्हाई मिळालं. एकदा आलते विचारायला, वाचमननं गेटवरनंच परत लावलं. खरं तेच सांगतो. पाया पडायला अक्का आन् हजेरीवर घ्यायला कुणी न्हाई, असं हुतं ते.

---

शिरोली_नाका (धागाकर्ता)

सगळ्यांचे आभार. सरांचा प्रतिसाद मी छापून घेतला.

एक गोष्ट सांगायला हवी. मोल्डिंगवाले मला ‘दादा’ म्हणाले, बाकीच्यांनीही तसंच धरलं असेल. मी बाई आहे. कोल्हापुरात वाढलेली. आमच्या घरात आई, मावशी, मी, सगळ्याच ‘आलो, गेलो, करतो’ असंच बोलतो, लिहितानाही तेच येतं. पुण्यामुंबईच्या लोकांना नवल वाटतं, पण आमच्याकडं बऱ्याच बायकांच्या तोंडी हेच आहे.

दादा म्हटल्याचं मला जराही वाईट वाटलं नाही. का वाटलं नाही याचाच कालपासून विचार करतोय. एका ओळीत दुरुस्त करता येईल, त्यावरून कुणी वाद घालणार नाही, ‘दाखला दाखव’ म्हणणार नाही, हे मला आधीच ठाऊक होतं. त्या मुलाखतीतल्या मुलाला हे ठाऊक नव्हतं.

---

मोल्डिंगवाला

चुकलं ताई. इथनं पुढं ताई.

---

नवी_पाटी

दोन दिवस हा धागा नुसता वाचत होतो. ताईंनी ‘आलो, गेलो’ लिहिलं आणि मला लिहिल्याशिवाय राहवेना.

मी कागलजवळच्या गावातला. जन्मलो तेव्हा घरच्यांनी मुलगी म्हणून पेढे वाटले. मी मुलगा आहे हे मला फार लवकर कळलं होतं, सांगायला शब्द नव्हते. पण एक गोष्ट होती. मी लहानपणापासून ‘मी आलो, मी जेवलो, मी खेळतो’ असं बोलायचो आणि कुणाचं लक्षही जायचं नाही, कारण माझ्या बहिणी, चुलत्या, शेजारणी सगळ्या तसंच बोलायच्या. माझ्या बोलीनं मला अठरा वर्षं सांभाळलं. हे मी कुणाला सांगितलं तर समजेल असं वाटलं नव्हतं. आज इथं लिहितोय.

इंजिनिअरिंगला पुण्याला गेलो. मुलींच्या होस्टेलवर पहिल्याच आठवड्यात सगळ्यांनी धरलं, “आलो काय? आले म्हण.” त्यांचा हेतू वाईट नव्हता. पण माझ्या अंगावरचं पांघरूण कुणीतरी ओढून घेतल्यासारखं झालं. मी बोलणंच कमी केलं. भूतकाळ टाळायचो. ‘मी आले’ ऐवजी ‘पोचणं झालं’, ‘मी जेवले’ ऐवजी ‘माझं जेवण झालं’. सर म्हणतात त्या भाषेच्या वाटा मी पोटातल्या भीतीपायी एकेक करून शोधल्या आहेत.

मग नोकरी लागली. मोठी कंपनी, नाव सांगत नाही. पहिल्याच दिवशी चाळीस जणांचं वर्तुळ, प्रत्येकानं नाव, गाव, विभाग आणि सर्वनाम सांगायचं. सक्तीचं. खरी_कॉर्नर, तुमचा हेतू मला कळतो, तिथल्या लोकांचाही तोच होता. पण माझी पाळी येईपर्यंतची ती वीस मिनिटं मी विसरलेलो नाही. तेव्हा मी घरी सांगितलं नव्हतं, जिवलग मित्रालाही नव्हतं. माझ्यापुढं दोनच रस्ते होते. खरं सांगून चाळीस अनोळखी माणसांपुढं उघडं पडायचं, किंवा स्वतःच्या तोंडानं खोटं बोलायचं. मी ‘शी/हर’ म्हणालो. त्याआधी लोक मला मुलगी समजत होते, ती त्यांची चूक होती. त्या दिवशी मी स्वतः म्हणालो. पुढं वर्षभरानं खरं सांगायची हिंमत आली तेव्हा पहिला प्रश्न हाच आला: “पण तेव्हा तर तूच शी म्हणाली होतीस ना?”

गणवेशाचं उदाहरण दिलंत. गणवेश घातल्यावर सगळे सारखे दिसतात. इथं प्रत्येकाला वेगळं काहीतरी सांगायला लावतात, आणि ज्याचं अजून ठरलेलं नाही त्याला त्याच क्षणी ठरवायला लावतात.

आता मी कोल्हापुरात एका छोट्या वर्कशॉपमध्ये डिझाइन करतो. मालक साठीचे आहेत, इंग्रजी बेताचं. पहिल्या दिवशी चहा सांगितला आणि म्हणाले, “तुला काय हाक मारू?” मी नाव सांगितलं. ते नाव त्यांनी त्याच संध्याकाळी हजेरीपटाच्या कच्च्या वहीत लिहिलं. पगारपत्रक जुन्याच नावानं निघत होतं, कारण बँकेचे कागद व्हायचे होते, पण ते पाकीट माझ्या हातात देताना उलटं धरून द्यायचे, कुणाला दिसू नये म्हणून. मला याहून जास्त काही नको होतं.

आणि बाथरूम. मोल्डिंगवाले दादा, तुमच्या त्या नऊ जणींसारखाच मीही चार वर्षं दिवसभर पाणी न पिता काढली आहेत.

---

जुना_फळा

नवी_पाटी, “बोलीनं मला सांभाळलं” हे वाचून मी थांबलो. वर्गात कितीतरी कोल्हापूरच्या मुलींना मी ‘आले म्हण’ असं सांगितलंय. त्यांतल्या एखादीबद्दल, एखाद्याबद्दल, हे खरं असेल.

---

नवी_पाटी

सर, तुम्ही इथं लिहिलंत, मला पुरे आहे.

---

कसबा_बावडा

मी अजून एका बाजूनं लिहिते. सरकारी नाही, पण तशाच पद्धतीच्या एका कचेरीत तीस वर्षं काढली. आमच्या वेळी बाईला ‘कु.’ किंवा ‘सौ.’ लिहावंच लागे. पुरुषाला फक्त ‘श्री.’. त्याचं लग्न झालंय की नाही हे कुणी विचारत नसे. माझे यजमान गेले, महिन्याभरानं कामावर परत आले, तर टेबलावरची पाटी बदललेली. ‘सौ.’ जाऊन ‘श्रीमती’. शब्द तसा मानाचा आहे, पण आपल्याकडं तो वाचून माणसं काय समजतात ते सगळ्यांना माहीत आहे. मी कुणाला सांगितलं नव्हतं, मला कुणी विचारलं नव्हतं. टपाल घेऊन येणारा परका माणूससुद्धा पाटी वाचून माझ्या कपाळाकडं बघायचा.

मे 2022 मध्ये आपल्याच जिल्ह्यातल्या, शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला. कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र काढणं हे सगळं बंद. त्याच महिन्यात राज्य सरकारनं सगळ्या ग्रामपंचायतींनी असं करावं म्हणून परिपत्रक काढलं. तो ठराव वाचताना मला माझी पाटी आठवली होती. आज या पोराचं वाचून पुन्हा आठवली. माणसाच्या नावामागं त्याला न विचारता काही लावू नये, आणि लाव म्हणून जबरदस्तीही करू नये. एवढंच माझं मत.

---

न्यायसंकुल

वकिली करतो, कायद्यापुरतं लिहितो.

भारतात कर्मचाऱ्यानं सर्वनाम जाहीर करावं असं सांगणारा कुठलाही कायदा नाही. सर्वोच्च न्यायालयानं 15 एप्रिल 2014 च्या ‘नाल्सा’ (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) खटल्याच्या निकालात तृतीयपंथी व्यक्तींना मान्यता दिली आणि आपली लिंगओळख ठरवण्याचा हक्क त्या व्यक्तीचा, असं म्हटलं. 24 ऑगस्ट 2017 ला नऊ न्यायाधीशांच्या पीठानं खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. त्यानंतर 2019 चा ट्रान्सजेंडर व्यक्ती हक्क संरक्षण कायदा आला, तो 10 जानेवारी 2020 पासून लागू झाला. त्याच्या कलम 9 मध्ये नोकरी, भरती, बढतीत भेदभावाला मनाई आहे आणि कलम 11 प्रमाणे आस्थापनेनं तक्रार अधिकारी नेमायचा आहे.

धागाकर्त्या ताईंच्या कामाची गोष्ट याच कायद्याखालच्या 2020 च्या नियमांत आहे. नियम 12 म्हणतो की आस्थापनेनं समान संधी धोरण प्रसिद्ध करावं. त्यात काय काय असावं याची यादी दिली आहे. स्वच्छतागृहासारख्या सोयी आहेत, सुरक्षितता आहे, आणि कर्मचाऱ्याच्या लिंगओळखीची गोपनीयता आहे. गोपनीयता हा शब्द नियमातच आहे. जी गोष्ट गुप्त ठेवायची जबाबदारी मालकावर आहे, तीच छातीवर लावायला मालक भाग पाडणार असेल तर दोन्हीचा मेळ बसत नाही. सक्तीच्या विरोधात मला हा सगळ्यात भक्कम मुद्दा वाटतो. कायद्यात बदल होत असतात, तेव्हा धोरण छापण्याआधी ताजा मजकूर कुणाकडून तरी नजरेखालून घालून घ्या.

सरळ_वाट यांच्या प्रश्नाला उत्तर. कायद्याच्या कलम 18 मध्ये शाब्दिक आणि भावनिक छळ शिक्षेला पात्र आहे, सहा महिने ते दोन वर्षं कैद आणि दंड. जुन्या सवयीनं एकदा ‘तू गेलीस’ निघालं, माणसानं ‘गेलास’ म्हणून दुरुस्त केलं आणि काम पुढं चाललं, याला छळ म्हणत नाहीत. सांगूनसुद्धा रोज चारचौघांत मुद्दाम तेच म्हणत राहणं, जुनं नाव ओरडून हाक मारणं, ही वेगळी गोष्ट आहे. फरक कुठं पडतो ते बोलणाऱ्यालाही आतून कळत असतं.

---

सरळ_वाट

एवढं नीट सांगितल्याबद्दल आभार. सक्तीला माझा विरोध कायम आहे. पण नवी_पाटी यांचं लिहिणं वाचल्यावर कळलं की सक्तीचा त्रास माझ्यासारख्याला जेवढा होईल त्याच्या कितीतरी पट त्यांना झाला. मी हे माझ्याच बाजूनं बघत होतो.

माझ्या शेजारच्या टेबलावर असा सहकारी आला तर मी त्याच्या सांगण्याप्रमाणे हाक मारीन. ते मला माझ्या श्रद्धेविरुद्ध वाटत नाही. पाहुण्याला आपण त्याच्या नावानंच बोलावतो.

---

दूर_देशी

न्यू जर्सीहून. मूळ राजारामपुरी.

इथं ही प्रथा मी वाढताना पाहिली. लिंक्डइननं 2021 मध्ये सर्वनामाचा रकाना दिला, झूमनंही त्याच वर्षी. आमच्या ऑफिसात ऐच्छिक होतं आणि ठीक चाललं होतं. मग वारं फिरलं. 20 जानेवारी 2025 ला नवे राष्ट्राध्यक्ष आले आणि महिनाअखेरीस केंद्र सरकारच्या बऱ्याच खात्यांतल्या कर्मचाऱ्यांना सहीखालची सर्वनामं काढून टाकायचे हुकूम गेले. सरकारी नोकरीतली माझी एक मैत्रीण एका दुपारी बसून ती ओळ पुसत होती. तिनं ती स्वतःसाठी लिहिलेलीच नव्हती, तिच्या हाताखालच्या एका मुलाला धीर यावा म्हणून लिहिली होती.

काल लिहा म्हणणारे आणि आज पुसा म्हणणारे, दोघंही त्या मुलाला विचारायला गेले नाहीत. ताई, तुमच्या फॉर्ममध्ये काहीही ठेवा, पण ती ओळ लिहायचा आणि पुसायचा हक्क ज्याच्या त्याच्या हातात राहू दे.

---

खरी_कॉर्नर

नवी_पाटी, माझा मुद्दा मी मागं घेते. अर्धा. वर्तुळात उभं करून विचारणं चूक, हे आता मान्य. पण ‘एकटाच उठून दिसतो’ ही अडचण उरतेच. त्याचं काय करायचं?

---

नवी_पाटी

त्याला एक उपाय मला दिसतो. वरच्यांनी आधी करावं, आपणहून. आमच्या कोल्हापुराला हे सांगावं लागू नये. शाहू महाराजांनी अस्पृश्यता पाळू नका असं नुसतं फर्मान काढलं नाही, अस्पृश्य मानल्या गेलेल्या गंगाराम कांबळे यांच्या हॉटेलात स्वतः जाऊन चहा घेतला. त्यानंतर सोबतच्या लोकांना नाही म्हणणं जड गेलं. प्लँट हेडनं स्वतःच्या सहीखाली लिहिलं, दोन-चार मॅनेजरांनी लिहिलं, तर माझ्यासारख्याला कळतं की इथं बोललं तर चालतं. मग मी माझ्या वेळेला बोलेन. कदाचित कधीच बोलणार नाही. तेही चाललं पाहिजे.

---

निपाणी_रोड

+1

---

शिरोली_नाका (धागाकर्ता)

आज मीटिंग झाली, म्हणून लिहितो.

सक्तीचा रकाना काढला. वरिष्ठांना पटायला वेळ लागला. नियम 12 मधला गोपनीयतेचा शब्द समोर ठेवल्यावर आवाज खाली आला. न्यायसंकुल, तुमचे उपकार.

नव्या माणसाच्या फॉर्ममध्ये आता एक ओळ आहे: ‘तुम्हाला काय नावानं हाक मारावी?’ तिच्याखाली लहान अक्षरांत: ‘तुमच्याशी किंवा तुमच्याबद्दल बोलताना आणखी काही पाळावं असं वाटत असेल तर लिहा. रिकामं ठेवलं तरी चालेल. कधीही बदलता येईल.’ आयकार्डावर हाक मारायचं नाव मोठं छापायचं, कागदोपत्री नाव फक्त पगार आणि पीएफच्या फायलीत ठेवायचं आणि ती फाईल माझ्या कुलपात. ‘श्री., सौ., कु., श्रीमती’ सगळ्या पाट्यांवरून काढायचे. हे बावड्याच्या ताईंमुळं सुचलं, आणि ऑफिसातल्या दोघी जणी मीटिंगनंतर माझ्याजवळ येऊन हातात हात घेऊन गेल्या. त्यांनी कधी तक्रार केली नव्हती. नोटिसा आणि पत्रं ‘तुम्ही, त्यांनी, त्यांचं’ या धर्तीवर लिहायची, त्यासाठी सरांची मदत लागेल.

प्लँट हेड स्वतःच्या सहीखाली लिहायला तयार झाले. त्यांनी विचारलं, मराठीत काय लिहू? मी म्हटलं, तुम्ही बाहेरच्यांना इंग्रजीत लिहिता, तिथं इंग्रजीतच लिहा.

बाथरूमवर सगळ्यात जास्त वाद झाला. शॉपफ्लोअरच्या मागच्या बाजूला, स्टोअरला लागून दोन बंद खोल्यांची जागा आहे. आतून कडी, बाहेर ‘स्त्री’, ‘पुरुष’ काहीच नाही, कुणीही जावं अशी दोन स्वच्छतागृहं तिथं बसतात. बायकांसाठी वेगळं एक, तेही तिथंच. खर्चाचा आकडा ऐकून पुढच्या तिमाहीवर ढकलत होते. मी आयकार्डांच्या छपाईचे पैसे त्यात वळवायला सांगितले, कारण आता सगळी कार्डं नव्यानं छापायची गरजच उरली नाही, नवीन येणाऱ्यांची तेवढी छापायची. उरलेल्या रकमेवर सोमवारी पुन्हा बसायचं आहे.

गिऱ्हाईकाला उत्तर गेलं: ‘कर्मचारी इच्छेनुसार सांगतात, आम्ही सक्ती करत नाही.’ त्यांचा उलट मेल दोन ओळींचा आला, ठीक आहे म्हणून.

तक्रार अधिकारी म्हणून सध्या माझं नाव लावलंय. नंबर कुठं लावायचा यावर अडलोय. गेटवरच्या बोर्डावर लावला तर वाचायला थांबणारा माणूस सगळ्यांना दिसतो.

---

नवी_पाटी

ताई, बाथरूमच्या दाराच्या आतल्या बाजूला लावा. कडी लावल्यावर समोर दिसेल असा. तिथं माणूस एकटा असतो, नंबर सावकाश लिहून घेता येतो.

---

मोल्डिंगवाला

ताई, त्या दोन खोल्यांचा नकाशा मला पाठवा जरा. पाण्याची लाईन स्टोअरकडनं घेतली तर खर्च कमी हुईल. आमच्यातबी आता दाखवतो म्हणतो सायबास्नी.